रिकामं पाकीट आणा, भरलेलं न्या

या माणसावर लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी यादी केली. गेरूचा खडा. कपड्याची नीळ. शर्टाच्या खिशात खोचलेली सुई. खोकल्याच्या पेशंटला उगाच रागावणं. एक तारखेची कुस्ती. जिलेबी. एकसष्ट नंबर. सात बाबी झाल्या आणि लक्षात आलं, या सगळ्या वाचूनही हा माणूस काय काम करायचा ते कुणाला कळणार नाही. म्हणून आठवी बाब लिहिली: ते आमच्या आरोग्य केंद्रात औषधनिर्माते होते. म्हणजे खिडकीत बसून गोळ्या द्यायचे.

आमचं केंद्र चौसाळ्यावरून आत वळलं की लागतं. मी तिथे लिपिक. साठ्याची नोंदवही, मागणीपत्रं, आवक-जावक, हजेरी, सगळं माझ्याकडे. बीडहून सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. गाव त्यांना गोळीकाका म्हणायचं, मी सर म्हणायचे. ते मला पहिल्या दिवसापासून यादीबाई म्हणाले. मी औषधांच्या खोलीत शिरताच "यादी कुठंय?" असं विचारलं होतं, एवढाच माझा गुन्हा.

"यादी भिंतीवर हाय," ते म्हणाले आणि मला कपाटामागच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं.

भिंत पिवळी. तिच्यावर डावीकडून उजवीकडे चार रेघा गेलेल्या. एक गेरूची, एक चुन्याची, एक कोळशाची आणि एक निळीची. वर चढलेल्या, खाली उतरलेल्या, एकमेकींना ओलांडून गेलेल्या. मला वाटलं, कुणाच्या तरी लेकरानं भिंत खराब केली आहे.

"हे काय सर?"

"हा आपला इलाखा. गेरू म्हंजे रक्तदाब. चुना म्हंजे साखर. कोळसा म्हंजे झोपेच्या गोळ्या. आन ही निळी," त्यांनी आवाज असा खाली आणला की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय, "ही मनाची."

दर महिन्याच्या एक तारखेला ते माझ्याकडून गेल्या महिन्याचा वापर लिहून घ्यायचे, स्टुलावर चढायचे आणि चारही रेघा पुढे ओढायचे. कितीला एक बोट चढायचं याचं त्यांचं त्यांनी माप ठरवलं होतं आणि ते माप ते कधी ढिलं करत नसत. ओढता ओढता तोंडानं कुस्तीचा फड चालायचा. तरुणपणी जत्रांमधून ते भोंग्यावर कुस्त्यांचं वर्णन करत आणि ती सवय त्यांना औषधखात्यातही सुटली नव्हती.

"गेरू पहिलवान आपल्या चालीनं... घाई न्हाई, गडबड न्हाई! चुना अंग चोरतोय, चुना अंग चोरतोय! आन ही आली निळी! निळीनं काळीचा पट काढला! काळी खाली! निळी वर! वा रे पठ्ठे!"

शेवटी ते स्टुलावरच मांडी थोपटायचे. सिस्टर इंजेक्शनचा ट्रे सांभाळत दारातून ओरडायच्या, "काका, पडाल! हाडांची रेघ न्हाई आपल्याकडं!"

मी व्यवहारी बाई. दोन-तीन महिने हे पाहिलं आणि मग विचारलं. "सर, मनाच्या गोळ्यांची रेघ वर चाललीय. म्हणजे आजार वाढला. त्यात मांडी थोपटण्यासारखं काय आहे?"

ते स्टुलावरून उतरले. चष्मा पुसला. "यादीबाई, तुमच्या गल्लीत नळ आला तवा तहान वाढली का?"

"नाही."

"पन रांग वाढली. भांडी दिसाया लागली. ही निळी म्हंजे नळावरची भांडी हायत. तहान आधीपसूनच होती, लोक घरात बसून सोसत होते."

काळ्या रेघेवर मात्र त्यांचा डोळा असायचा. बीडहून मनाचे डॉक्टर आमच्याकडे महिन्यातून दोन बुधवारी यायला लागले त्याआधी लोक नुसती झोपेची गोळी कुठून कुठून मिळवून घ्यायचे आणि वर्षानुवर्षं घेत राहायचे. डॉक्टर मूळ दुखणं बघून औषध लिहायला लागले तशी काळी हळूहळू उतरली. एखाद्या महिन्यात ती पुन्हा बोटभर चढली की सरांचा दिवस वाईट जायचा. ते प्रत्येक कार्ड काढून बघत बसायचे आणि पुढच्या बुधवारी डॉक्टरांना दाखवायचे. स्वतः मात्र एक गोळी इकडची तिकडे करायचे नाहीत. "लिवायचं काम डॉक्टरांचं. माझं काम मोजायचं," हे दिवसातून दहादा.

आता सुई. सरांचं म्हणणं असं, की खिडकीतून गेलेली गोळी आणि पोटात गेलेली गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भिंतीवर फक्त पोटात गेलेली चढायला पाहिजे. म्हणून त्यांनी नियम काढला: रिकामं पाकीट आणा, भरलेलं न्या. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटाच्या चंदेरी पाठीवर ते सुईनं कार्डाचा नंबर आणि पाकिटाचा नंबर कोरायचे. सतरावर तीन, म्हणजे सतरा नंबरच्या कार्डाचं तिसरं पाकीट. परत आलं की वहीत बरोबरची खूण, आणि पाकीट पोत्यात. नावं एका वेगळ्या वहीत. ती वही कुलपात आणि कुलपाची किल्ली त्यांच्या करदोट्याला.

यात एक अडचण होती. मनाच्या गोळीचं रिकामं पाकीट खिडकीत दिलं की मागच्या माणसाला दिसणार. मग ती बाई पुढच्या वेळी कशाला येतेय? यावर सरांचा उपाय असा: खोकला, खरूज, ताप, कुणीही येवो, सगळ्यांकडून रिकामं पाकीट मागायचं. आणि औषध काहीही असो, सगळ्यांना सारख्याच खाकी पुडीत द्यायचं. रांगेत उभ्या असलेल्या कुणालाच कळत नसे, कोण कशाचं पाकीट परत देतंय. खोकल्याच्या लोकांचा मात्र जीव मेटाकुटीला यायचा.

"काका, दोन दिवस खोकलो आन बरा झालो. पाकीट फेकलं की!"

"कावून फेकलं? सरकारचा माल हाय! हुडकून आन!"

"उकिरड्यात?"

"मग उकिरड्यात! लांब हाय का?"

आणि तो गेला की मला हळूच, "याला रागवावं लागतं, यादीबाई. न्हाईतर मागची ती बाई कशी येईल?"

पाकीट हाती आलं की ते उजेडात धरायचे. दहा घरं असतात, दहा दिवसांच्या दहा गोळ्या. दहाही फुटलेली पाहिजेत. एखादं जरी भरलेलं दिसलं की संपलं. एका म्हातारीचा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की तो मला पाठ आहे.

"आजी, दोन राहिल्या. कावून?"

"बरं वाटलं म्हनून."

"बरं वाटलं म्हनून बैलाचं पानी बंद करता का?"

"आमच्याकडं बैल कुठं ऱ्हायला आता? ट्रॅक्टर हाय."

"मग ट्रॅक्टरचं डिझेल!"

आजी पदरात तोंड लपवून हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन ठेवून यायची. तिला ते रागावणंच हवं असायचं, असा माझा अंदाज.

सबबींची मी एक यादी ठेवली होती. पाकीट घाटात पडलं. नवऱ्यानं चुलीत घातलं. बाळाला खेळायला दिलं. आणि एका गड्यानं सांगितलेली, आमच्या केंद्रात गाजलेली सबब: शेळीनं खाल्लं.

"गोळ्यांसकट?" सरांनी विचारलं.

"दोन-चार असतील आत."

"मग शेळी आता कशी हाय? खूश हाय का?"

आता आचारी. लग्नाच्या पंगतींचा आचारी, मांजरसुंब्यापर्यंत नाव असलेला, कानापर्यंत मिशा. तो पहिल्यांदा आला तेव्हा बायको त्याला हाताला धरून घेऊन आली होती. दोन वर्षं त्यानं भट्टी पेटवली नव्हती. झारा घेऊन नुसता बसून राहायचा म्हणे. बायकोनं घरातल्या सगळ्या सुऱ्या शेजारणीकडे नेऊन ठेवल्या होत्या, भाजी चिरायलाही ती शेजारीच जायची. हे तिनं सरांना सांगितलं तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूला मी होते. सरांनी त्या दिवशी सुईनं नंबर कोरला तो फार वेळ लावून.

पहिले काही आठवडे काही नाही. सर बायकोला सांगायचे, "ही गोळी हळूहळू चालती. तिला घाई करू नका. पन एक बी चुकवू नका." मग एकदा तो एकटाच आला. पुढच्या वेळी मिशीला तेल लावून आला. आणि त्याच्या पुढच्या वेळी, भरल्या रांगेतून, पंगतीत भात आणा म्हणून ओरडावं तसा ओरडला,

"काका! माझी येडेपनाची गोळी द्या!"

इतक्या वर्षांची सरांची ती खाकी पुडी, ते खोकल्यावाल्यांना रागावणं, सगळं एका आरोळीत पाण्यात. सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"हळू बोल बे! आन येडेपनाची असती तर मी आधी खाल्ली असती!"

"मंग कशाची हाय?"

"भट्टी पेटवायची!"

रांग हसली. हसू ओसरल्यावर मागून एक बाई, डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "मला बी तीच हाय, भट्टीची." तिच्या मागचा मास्तर खाकरला आणि म्हणाला, "मलाही." खोकल्याचा एक पोरगेला गडी गोंधळून म्हणाला, "मला बी द्या मग," त्याला सिस्टरनं बाजूला काढलं.

त्या आठवड्यात आचाऱ्यानं केंद्राच्या मागं तीन दगड मांडून जिलेबी तळली. पुढच्या दोन्ही बुधवारी मनाच्या डॉक्टरांपुढची रांग फाटकाबाहेर गेली. एक तारखेला निळी इतकी चढली की सरांना स्टुलावर खोकं ठेवून चढावं लागलं.

आता मधे माझं. हे मी यादीत 'एकसष्ट नंबर' एवढंच लिहिलं होतं.

मी यादी करणारी बाई आहे, त्यात काही वावगं नाही. पण त्या दिवाळीनंतर माझ्या याद्यांना पोरं व्हायला लागली. गॅस बंद केला, असं लिहायचं. लिहिलेलं पाहिलं, असं लिहायचं. एसटी मांजरसुंब्याला थांबली की छातीत धडधड, घाम, आणि उतरून परत घरी जाऊन बघावं असं वाटायचं. घरी सगळं ठीक होतं. नवरा ठीक, मुलगी ठीक, सासूबाईंचे गुडघे ठीक. यादी करून पाहिली, सगळ्यांपुढे 'ठीक' आलं आणि धडधड काही थांबली नाही.

एक दिवस मी औषधांची आलेली खोकी मोजत होते. सर मागं उभे राहिले.

"यादीबाई, चौथ्यांदा मोजताय."

"चुकायला नको म्हणून."

"खोकी तेवढीच हायत. मोजनारी दमलीय." आणि एक कोरं कार्ड माझ्या वहीवर ठेवलं. "बुधवारी डॉक्टर येतेत. मी कुनाला बोलत न्हाई."

मी फायली छातीशी धरून डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की सहीला आलेय. आचारी समोरून गेला, "ताई, लई काम दिसतंय," म्हणाला. मी म्हटलं, "हो ना."

कार्ड एकसष्ट. पहिलं पाकीट संपलं तेव्हा मी ते परत केलं नाही. दुसरं घ्यायला गेले, सरांनी सवयीनं हात पुढे केला. मी म्हटलं, "विसरले." विसरले! मी! सरांनी चष्म्यावरून पाहिलं, "उद्या आना," म्हणाले आणि दुसरं पाकीट दिलं. त्यांनी नियम मोडलेला मी एवढाच एकदा पाहिला. पुढची सगळी पाकिटं मी स्वतः पोत्यात टाकली. पहिलं तेवढं माझ्या याद्यांच्या वहीत खूण म्हणून राहिलं. ते का राहिलं, ते पुढे येईलच.

धडधड गेली. याद्या पुन्हा एकेकट्या राहू लागल्या.

मग मार्च संपल्यावर वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. आवक नोंदवहीत मीच चढवलं. 'आपल्या केंद्रातील मानसिक आजारांवरील औषधांचा वापर इतर केंद्रांच्या तुलनेत अवाजवी असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर औषधे अन्यत्र वळविली जात नसल्याबाबत खुलासा करावा. तपासणीत तफावत आढळल्यास पुढील पुरवठा इतर केंद्रांच्या सरासरीइतकाच करण्यात येईल.'

मी लगेच हिशेब मांडला. सरासरी म्हणजे आमच्या वापराच्या निम्म्याहून कमी. म्हणजे रांगेतल्या जवळपास प्रत्येक दुसऱ्या माणसाला परत पाठवायचं, आणि ही गोळी अशी एकाएकी बंद करायची नसते हे आता मला वहीतून नाही, स्वतःवरून माहीत होतं.

आचाऱ्याला कसं कळलं कोण जाणे. ऐन लग्नसराईत, अंगावर हळदीचे डाग, तो खिडकीत आला. "काका, मला अर्धी गोळी देनार म्हनं. मंग म्या अर्ध्यात काय करू? भात करू का वरन?"

सर हसले नाहीत. आचाऱ्यापुढे मी त्यांना न हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुझी बायको सुऱ्या घरी घेऊन आली का?" त्यांनी विचारलं.

"कवाच."

"मंग तू पंगत वाढ. बाकीचं मी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं, की तपासणीच्या दिवशी वर्षभराच्या रिकाम्या पाकिटांची सगळी पोती ओसरीवर आणून रचली.

साहेब आले तो नेमका आठवडी बाजाराचा दिवस. फाटकात माणसं, पिशव्या, शेळ्या. साहेब चांगले होते, उगाच त्यांना वाईट दाखवायचं नाही मला. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील तक्ता. भिंतीवरच्या रेघा त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"ही निळी एवढी का चढली?"

"लोक याया लागले म्हनून."

"की औषध जायला लागलं म्हणून?"

"गेलेलं समदं परत आलंय साहेब," सर म्हणाले आणि पहिल्या पोत्याची दोरी सोडली. "मोजा."

मी, सिस्टर आणि साहेब असे तिघं बसलो. मी नंबर वाचायचे, सिस्टर ढीग लावायच्या, साहेब सरांच्या वहीवर टिचकी मारायचे. सतरावर तीन, टिक. बावीसवर एक, टिक. दुपारपर्यंत ओसरी चांदीची झाली. साहेबांचा आवाज बदलायला लागला होता. "हे सगळं तुम्ही सुईनं कोरलंय?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

आणि मग वावटळ आली.

मे महिन्यातली आमच्याकडची वावटळ सांगून येत नाही. फाटकातून धुळीचा खांब आत आला, ओसरीवर चढला आणि सगळी पाकिटं घेऊन वर गेला. चंदेरी पाकिटं लिंबावर, कौलांवर, बाजारात, कांद्यांच्या ढिगावर. सर दोन्ही हात वर करून अंगणात धावले, "धरा! धरा रे! माझी रेघ चालली!"

जे झालं त्याची यादी करता येत नाही, मी करून पाहिली आहे. मास्तर लिंबावर चढले. डोक्यावरचा पदर पुढं ओढणाऱ्या बाईचा पदर खांद्यावर आला, ती भाजीवालीच्या टोपलीत हात घालून पाकिटं काढत होती आणि भाजीवाली ओरडत होती, "अगं माझी मेथी!" खोकल्याचे लोक धावले आणि खोकले. दोन ठेवून येणारी आजी एका जागी बसून, समोर येईल ते पाकीट काठीनं दाबत होती. साहेबांचा ड्रायव्हर गाडीखाली आडवा झाला. शेवटी साहेबही उठले, चपला काढल्या आणि इस्त्रीच्या शर्टानिशी, चोचीत पाकिटं धरून पळणाऱ्या बाजारातल्या कोंबड्यांमागे गेले.

फाटकाजवळ एक शेळी शांतपणे चघळत उभी होती. तिच्या तोंडातून चांदी चमकत होती.

"शेळीनं खाल्लं!" आचारी ओरडला. "काका, खरंच खाती हो!"

सरांनी शेळीचा जबडा दोन्ही हातांनी धरला. "सोड! सोड गं बाई! माझी इज्जत हाय त्यात!" पाकीट निघालं. अकरावर चार, दातांचे ठसे उमटलेलं, पण नंबर शाबूत.

आम्ही पुन्हा मोजायला बसलो. आता ओसरीभोवती अर्धा बाजार होता. प्रत्येक टिकेला लोक "हां" म्हणत होते. शेवटचा ढीग संपला. साहेबांनी वही खालपासून वरपर्यंत पाहिली.

"एक कमी आहे. एकसष्टवर एक."

लोक शेळीकडे बघायला लागले. "साहेब, शेळीचा जबाब घ्या," आचारी म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. "वाऱ्यानं नेलेलं नाही हे. वहीतच इथं जागा रिकामी आहे, पेन्सिलचा ठिपका आहे नुसता. म्हणजे हे परत आलेलंच नाही. दुसरं मात्र दिलंय." त्यांनी सरांकडे पाहिलं. "एवढं सगळं बरोबर आहे, मलाही बरं वाटतंय. पण एक पाकीट न येता दुसरं गेलं, म्हणजे तुमचा नियम मोडतो. तो एकदा मोडला की बाकीच्यावर मी विश्वास कसा ठेवू? एकसष्ट नंबरला बोलवा. त्यानं सांगितलं, मी गोळ्या खाल्ल्या, तर विषय मिटला."

"न्हाई," सर म्हणाले.

"मग नाव सांगा."

"न्हाई सांगत." मग माझ्याकडे अजिबात न बघता, "पाकीट आलं होतं साहेब. मीच हरवलं. टिक करायची ऱ्हायली. माझी चूक हाय, तसं लिवा, मी सही करतो."

ते खोटं बोलले. रेघ अर्धं बोट जास्त ओढा म्हटलं तर स्टुलावरून उतरून भांडणारा माणूस, अर्ध्या बाजारासमोर, तोंड वर करून खोटं बोलला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "मग मला तफावत लिहावी लागेल," ते म्हणाले, आणि त्यांना ते लिहायचं नव्हतं हेही दिसत होतं.

माझी वही माझ्या मांडीवर होती. अशा वेळी मी मनात पर्याय लिहिते, एक, दोन, तीन, पुढे फायदे-तोटे. त्या दिवशी यादीत एकच बाब आली. समोर आचारी उभा होता, हळदीच्या डागांचा.

मी वही उघडली, पाकीट काढलं आणि साहेबांपुढे ठेवलं. "एकसष्टवर एक. माझं आहे. गोळ्या मीच खाल्ल्या."

सिस्टरचा हात ढिगातच राहिला.

पहिला आचारी बोलला. "ताई, तुमी बी? मंग इतके दिवस फायली घेऊन कशाला बसत होता? आमच्यात रांगेत उभं ऱ्हायचं की! गप्पा तरी झाल्या असत्या!"

लोक हसले, सिस्टर हसल्या, साहेबही. मी हसायला लागणार तेवढ्यात सर पुढे आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ते पाकीट उचललं, उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"यादीबाई!"

मी खाली मान घातली.

"दहावी गोळी आत हाय! कावून?"

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. लाज वाटत होती म्हणून मी ते पाकीट परत केलं नाही, हे खरं आहे. पण निम्मंच खरं. एका सकाळी एसटी पकडायच्या घाईत एक गोळी राहिली. दहा घरांत नऊ फुटलेली. मी, याद्यांवर याद्या करणारी बाई, गोळी विसरले, आणि हे त्या खिडकीत, त्या माणसापुढे कबूल करायची माझी हिंमत झाली नव्हती.

"घाईत राहिली सर."

"घाईत! आन लोकांना सांगतो आपन! यादीत लिवली न्हवती का? गॅस लिवता, कुलूप लिवता, गोळी न्हाई लिवता येत?"

"सर, साहेब बसलेत."

"बसू द्या की! साहेबांनी बी ऐकावं!"

काठी घेतलेली आजी एवढी खूश झाली होती, की ती शेजारणीला सांगत होती, "मला बी असंच बोलतो गं हा. सगळ्यांना सारखं."

साहेबांनी पाकीट हातात घेतलं, घरं मोजली आणि तक्त्यावर लिहिलं. त्या कागदाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. 'तफावत नाही. एक गोळी लाभार्थीकडे शिल्लक.' आमचा पुरवठा कमी झाला नाही. जाताना साहेबांच्या चपला सापडेनात, त्या शेळीजवळ मिळाल्या.

पुढे सर निवृत्त झाले आणि धारूरकडे आपल्या गावी गेले. तिथल्या बुद्धविहारात सकाळी झाडलोट करतात, संध्याकाळी मुलांना जुनी पुस्तकं वाचायला देतात, असं कळायचं. आमच्याकडे नवा औषधनिर्माता आला. आता सगळी नोंद संगणकावर होते आणि रेघ पडद्यावर आपोआप येते, ती ओढायला स्टूल लागत नाही. केंद्राला रंग दिला तेव्हा कपाटामागची भिंत मी रंगवू दिली नाही. रिकामी पाकिटं घ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि सुईसुद्धा. एक तारखेला मी स्टुलावर चढते. कुस्ती मला जमत नाही. मी नुसतं, "निळी, एक बोट," असं म्हणते आणि सिस्टर दारातून टाळी वाजवतात.

मागच्या हिवाळ्यात एका बुधवारी रांगेत सर दिसले. बारीक झालेले, दाढी वाढलेली. मला वाटलं, भेटायला आले असतील. मी त्यांना आत बोलावलं, तर म्हणाले, "नंबरानं येतो."

नंबर आला. खिडकीत त्यांनी डॉक्टरांचा कागद ठेवला. निळीचा होता.

मी काही बोलायच्या आत ते मागे वळले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "भट्टीची गोळी हाय. घरी बसून लई थंडी वाजाया लागली होती."

मी कार्ड केलं. सुईनं नंबर कोरला, आणि तेव्हा कळलं की कोरायला वेळ का लागतो. एक तारखेला निळी त्यांच्यासकट चढवली.

पुढच्या महिन्यात ते आले ते दाढी करून. शर्टाला इस्त्री. रांगेत आचारी त्यांच्या मागेच होता, दोघांचं जोरात काहीतरी चाललं होतं. सरांनी रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं आणि नजर चुकवून लिंबाकडे बघायला लागले. मला ती नजर ओळखीची होती.

मी पाकीट उजेडात धरलं.

"सर, दोन राहिल्या. कावून?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरं वाटलं म्हनून," ते म्हणाले.